सॅमन माशांचीं पिलें व त्यांचें संगोपन

भाताचीं रोपें वाफ्यांत दाट पेरून व अति खत देऊन वाढविलीं, तर तीं उंच व हिरवीगार दिसतात. परंतु लावणीनंतर टिकाव धरीत नाहींत, हा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस असेल. अमेरिकेंतील कोलंबिया नदीवर सॅमन माशांच्या पैदाशींतही असेंच घडतें.

सॅमन गोड्या पाण्यांत जन्मतो, समुद्रांत वाढतो व अंडीं घालण्यास जन्मस्थानीं परततो. १९४२ सालीं पुरें झालेल्या ग्रँड कूली धरणानें या नदीच्या वरच्या भागाची वाट त्यांस बंद केली. या हानीच्या भरपाईसाठीं १९४० च्या सुमारास लेव्हनवर्थ येथें मोठें उबवणीगृह उभारण्यांत आलें.

समुद्राकडे निघण्यापूर्वीं पिलांच्या अंगावरील पट्टे जाऊन रुपेरी झांक येते व त्यांचे कल्ले रक्तांतील जादा क्षार बाहेर टाकूं लागतात. वाढता दिवस व पाण्याची ऊब यांनीं होणारा हा पालट थोडे आठवडेच टिकतो. तेवढ्यांत समुद्र गांठला नाहीं, तर शरीर पूर्ववत् होतें.

उबवणीगृहांत उबदार पाणी व मुबलक खाद्य यांमुळें पिलें झपाट्यानें वाढतात खरीं. परंतु चिनूक जातीचे पुष्कळ नर त्यामुळें अकालीं वयांत येतात व समुद्राकडे जातच नाहींत. दाटीनें पर झिजतात व रोग पसरतात. खाद्य वरून पडत असल्यानें पिलें पृष्ठभागाशीं घोटाळण्यास शिकतात, व नदीच्या मुखाशीं सुरय पक्ष्यांचें भक्ष्य होतात. हानि एका पिढीपुरती नसते. हूड नदींतील स्टीलहेड माशांवर २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत, बंदिस्त संगोपनाच्या प्रत्येक पिढीमागें त्यांची प्रजननक्षमता सुमारें ४० टक्क्यांनीं घटलेली आढळली.

यावर उपाय आहेत. हिवाळ्यांत पाणी थंड ठेवून खाद्य कमी करावें, दाटी विरळ करावी, तळाशीं खडी पसरावी व वर आडोसा ठेवावा. आणि वेळ येतांच फाटक उघडून पिलांस आपल्या इच्छेनें जाऊं द्यावें. मात्र वाढ अगदींच खुंटवूं नये. कारण फार लहान पिलें समुद्रांत सहज बळी पडतात.

सोडलेल्या पिलांची संख्या हें यशाचें माप नव्हे; परतलेल्या माशांची संख्या हेंच खरें माप होय. पीक खळ्यावर मोजावें, वाफ्यांत नव्हे, हें आम्हां शेतकऱ्यांस सांगावयास नको.