गिलाव्याआधीची वायर

पालीत चुलतभावाचं घर गिलाव्याला आलं, तेव्हा वायरमननं भिंतीच्या झिरीत निळी लॅन केबल धरून विचारलं, "डिशचं कनेक्शन पण हिच्यातनंच घ्यायचं ना?" हा प्रश्न मी बीडपासून मांजरसुंब्यापर्यंत अनेक नव्या घरांत ऐकला आहे. नेटवर्कची वायर म्हणजे पाण्याचा नळ, एका टोकाला काहीही सोडलं तरी दुसऱ्या टोकाला तेच निघणार, अशी समजूत त्यामागे असते.

या समजुतीला कारण आहे. ॲनालॉग केबलच्या दिवसांत घरात एकच काळी वायर यायची. तिला स्प्लिटर लावला की दोन-तीन टीव्ही लागायचे आणि प्रत्येकावर वेगळं चॅनेल दिसायचं, कारण चॅनेल निवडायचं काम टीव्ही स्वतः करायचा. केबल डिजिटल करायची ग्रामीण भागासाठीची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली. आता ते काम सेटटॉप बॉक्स करतो आणि साध्या बॉक्समधून एका वेळी एकच चॅनेल बाहेर पडतं. त्यामुळे एका बॉक्सवर तीन खोल्यांत तीन वेगळ्या मालिका दिसणं कोणत्याही वायरनं होणार नाही. तिन्ही पडद्यांवर तेच चित्र मात्र दाखवता येतं.

मग छतावरच्या छत्रीचा सिग्नल निळ्या वायरीतून का नाही? डीडी फ्री डिशची छत्री पालीत आग्नेयेकडे तोंड करून असते, कारण जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. छत्रीच्या तोंडाशी असलेला एलएनबी आकाशातला सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये उतरवतो आणि तो वायरीतून खाली येतो. त्याच वायरीतून बॉक्स वर १३ किंवा १८ व्होल्टचा वीजदाब पाठवतो. या दाबावरूनच एलएनबीला कळतं की उभ्या लहरी घ्यायच्या की आडव्या. हे सगळं ७५ ओहमच्या जाड आरजी-६ वायरीसाठी बेतलेलं आहे. निळ्या लॅन केबलची, म्हणजे कॅट-६ ची, चाचणी २५० मेगाहर्ट्झपर्यंतच असते. म्हणून छत्रीपासून बॉक्सपर्यंत आरजी-६ च हवी, निळी वायर बॉक्सच्या पुढे.

बॉक्सच्या पुढे मात्र ही निळी वायर फार गुणाची आहे. एचडीएमआयची साधी वायर दहा-पंधरा मीटरनंतर दगा देऊ लागते. एक्स्टेंडरची जोडी लावली तर चित्र आणि आवाज लॅन केबलवरून वरच्या मजल्यावर नेता येतात. मात्र एक चूक मी पुन्हा पुन्हा पाहतो. प्लग तोच दिसतो म्हणून लोक एक्स्टेंडरची वायर राउटरमध्ये खोचतात. बहुतेक स्वस्त एक्स्टेंडर वायर फक्त वापरतात, नेटवर्कची भाषा बोलत नाहीत. त्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटी, अखंड वायर लागते. राउटरमधून जाणारे वेगळे मिळतात, त्यांच्या खोक्यावर 'आयपी' लिहिलेलं असतं. आणि रिमोटचा डोळा वर नेणारी सोय आहे का, हे घेतानाच विचारावं, नाहीतर चॅनेल बदलायला दर वेळी जिना उतरावा लागतो.

"आमच्याकडे नेट कधी असतं, कधी नसतं, मग लॅन कशाला?" हा प्रश्नही रास्त वाटतो. पण घरातली वायर आणि बाहेरून येणारं नेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लग्नाचं शूटिंग, लेकरांचे फोटो, अभंगांच्या फाइली एका हार्ड डिस्कवर टाकून ती राउटरला लावली, राउटरमध्ये ती सोय असली, तर बाहेरची लाइन तुटलेली असतानाही घरातल्या प्रत्येक स्मार्ट टीव्हीवर ते लागतं आणि डेटा पॅकमधून काहीच जात नाही. वेगाचीही चिंता नको. फोर-के चित्रपटाला साधारण १५ ते २५ एमबीपीएस लागतात आणि साधी कॅट-५ई १००० देते, तीही १०० मीटरपर्यंत. महागडी कॅट-८ घ्यायचं घरात काही कारण नाही. तिचा पूर्ण वेग ३० मीटरच्या आतच मिळतो आणि ती डेटा सेंटरसाठी आहे.

आवाजाच्या बाबतीत मात्र लोक या वायरीवर जास्तच विश्वास टाकतात. देवघरातला स्पीकर हॉलमधल्या ॲम्प्लिफायरला लॅन केबलच्या एका जोडीनं जोडलेला मी पाहिला आहे. आवाज येत होता, पण दबका. तार अर्ध्या मिलिमीटरची. २० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर तार, तिचा रोध सुमारे ३.४ ओहम. समोर ८ ओहमचा स्पीकर. दर दहा वॅटमागे तीन वॅट तारेतच विरतात. याला उपाय म्हणजे आवाज डेटा म्हणून लॅनवरून न्यायचा आणि छोटा ॲम्प्लिफायर स्पीकरच्या शेजारी ठेवायचा.

आता खुद्द तारेबद्दल. "कॅट-६ लिहिलंय म्हणजे तांबंच असणार" हा समज मला महागात पडला. मी एका दुकानातून स्वस्त बंडल आणलं आणि दीड वर्षात जॅकपाशी तारा कटाकट तुटल्या. ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार होती. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो आणि मानकांत ती बसतच नाही. आता मी दुकानातच एक तार ब्लेडनं खरवडून पाहतो. आतून पांढरी निघाली की बंडल परत.

विजेच्या वायरीबरोबर एकाच पाइपात ही वायर घालू नये. खरखर हे त्याचं दुय्यम कारण आहे. मुख्य भीती अशी की इन्सुलेशन गेलं तर २३० व्होल्ट थेट टीव्हीच्या सॉकेटात येतील. आणि शेजारच्या भावाच्या घरी उघड्यावरून तांब्याची तार ओढू नये. वळवाच्या विजा आपल्याकडे कशा पडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन घरांमध्ये फायबरच बरी.

चुलतभावाच्या घरी शेवटी प्रत्येक खोलीत दोन लॅन केबली आणि टीव्हीच्या भिंतीला एक आरजी-६ टाकली, सगळ्या जिन्याखालच्या एका कोनाड्यात आणून सोडल्या. छतापर्यंत एक पाइप रिकामा ठेवला आणि त्यात ओढायची दोरी घातली. दुसऱ्या दिवशी गवंड्यानं गिलावा सुरू केला.