नारू : पाणवठ्याचा रोग

नारू म्हणजे कातडीखाली वाढणारा दोऱ्यासारखा कृमी. मादी ६० ते १०० सेंटिमीटर लांब, जाडी जेमतेम एक-दोन मिलिमीटर.

• लागण : अळी असते पाण्यातल्या सायक्लॉप्स या सूक्ष्म जीवाच्या पोटात. असे पाणी प्यायल्यावर साधारण वर्षाने फोड येतो, बहुधा पायावर, आणि कृमी डोकावतो. ठणकणारा पाय घेऊन माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरला, की अळ्या पुन्हा पाण्यात. म्हणून बस्तान खेड्यांत. नळाच्या शहरांत नाही.

• नारू आणि अंकुशकृमी : दोन्ही खेड्यांतलेच. पण अंकुशकृमी मातीतून, अनवाणी पायातून शिरतो आणि गोळीने जातो. नारूवर औषध नाही, लसही नाही. काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा, एवढाच इलाज. तुटला तर सूज, पू.

• प्रमाण : भारतात १९८४ मध्ये सुमारे ४० हजार रुग्ण, राजस्थान, मध्य प्रदेश, कर्नाटक, महाराष्ट्र आदी राज्यांत. जगात १९८६ मध्ये अंदाजे ३५ लाख.

• नायनाट : हातपंप, कापडाने गाळलेले पाणी, विहिरीत सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस. उपाय साधेच.

देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये, राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त ठरवले.