जाड लाकूड आणि आग

लाकडाची उंच इमारत म्हटली, की ऐकणाऱ्याच्या तोंडून पहिला प्रश्न आगीचा निघतो आणि तो निघणे योग्यच आहे. शनिवारवाडा १८२८ साली पेटला, त्यात लाकडी महाल गेले आणि मागे राहिले ते तट व जोती, हे आपण सर्व जाणतो. असे असूनही लंडनमध्ये मरे ग्रोव्ह येथे २००९ साली नऊ मजल्यांची एक इमारत उभी राहिली. तिचा तळमजला काँक्रीटचा असून वरचे आठही मजले, त्यांच्या भिंती, जिने आणि लिफ्टची विहीरसुद्धा, लाकडाचीच आहेत. बांधणाऱ्यांना आगीचे भय वाटले नसेल असे नाही. त्यांनी त्या भयाचा हिशेब कसा मांडला, तेवढे आम्ही येथे सांगणार आहोत.

हे लाकूड म्हणजे एका झाडाची तुळई नव्हे. देवदाराच्या जातीच्या झाडांच्या फळ्या शेजारी शेजारी मांडून एक थर करतात, त्यावर दुसरा थर आडवा, तिसरा पुन्हा उभा, असे तीन, पाच किंवा सात थर चिकटवून दाबतात. यालाच क्रॉस लॅमिनेटेड टिंबर म्हणतात. आपण नुसते ‘तक्ता’ म्हणू. १९९० नंतरच्या काही वर्षांत ऑस्ट्रिया आणि जर्मनीत हे तंत्र वाढीस लागले.

आता ज्यांनी चूल पेटवली आहे त्यांना आमचा निम्मा विषय आधीच ठाऊक आहे. काटकी काडीने पेटते. जाड ओंडका काडीने पेटत नाही. पेटला तरी वरून काळा पडतो आणि फोडून पाहावे तर आत कोरे लाकूड. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला लाकडाचा कोळसा होतो आणि हा कोळशाचा थर उष्णता आत जाऊ देत नाही. जळणारा भागच न जळलेल्याचे पांघरूण होतो! उघड्या पोलादाला ही सोय नाही. ते पेटत नाही हे खरे. पण ते सर्वांगाने तापते आणि ६०० अंशांच्या आसपास त्याचे निम्म्याहून अधिक बळ गेलेले असते.

शिवाय जाड लाकूड जळण्याचा वेग बराचसा ठरलेला आहे. युरोपातील मानकात तो मिनिटाला ०.६५ मिलिमीटर धरतात. म्हणजे तासाला सुमारे चार सेंटीमीटर. कोळशालगतचे लाकूडही तापून दुबळे होते, म्हणून आणखी सात मिलिमीटर सोडून देतात. उरलेल्या जाडीवर इमारतीचा भार पेलला पाहिजे. हिशेब सोपा दिसतो, पण तक्त्याच्या बाबतीत त्यात मेख आहे. चार सेंटीमीटरचे पाच थर असलेली भिंत घ्या. भार वाहतात ते उभे थर, म्हणजे पहिला, तिसरा आणि पाचवा. तासाभरात पहिला गेला, तर जाडी एक पंचमांशाने कमी झाली एवढेच नव्हे. भार वाहणाऱ्या तिघांतला एक गेला, आणि भार एका अंगाला कलला.

आणि नेमक्या त्याच सुमारास आग पहिल्या चिकटणीपाशी पोहोचते. सुरुवातीला वापरलेली काही चिकटद्रव्ये उष्णतेने मऊ होत. मग कोळशाचा थर गळून पडे, आतले ताजे लाकूड उघडे होई आणि मंदावत आलेली आग पुन्हा भडके. आमच्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच. अमेरिकेच्या मानकाने २०१८ साली असे सरस बाद ठरवण्याची व्यवस्था केली.

दुसरा धोकाही चूलच शिकवते. एकटा पेटलेला ओंडका बाजूला काढला तर बहुधा विझतो. दोन ओंडके समोरासमोर ठेवले तर एकमेकांना तापवत जळत राहतात. खोलीचेही तसेच आहे. सामान जळून गेल्यावर एकच भिंत उघड्या लाकडाची असेल तर आग मावळण्याचा संभव आहे. समोरासमोरच्या दोन भिंती आणि छत उघडे असेल तर खोलीच भट्टी होते. म्हणून मरे ग्रोव्हमध्ये लाकूड आतून जिप्समच्या पाट्यांनी झाकलेले आहे. जिप्सममध्ये वजनाच्या पाचव्या हिश्शाइतके पाणी बांधलेले असते. ते वाफ होऊन जाईपर्यंत मागचे लाकूड फारसे तापत नाही.

अमेरिकेत मेरिलंडमधील सरकारी प्रयोगशाळेत २०१७ साली अशा तक्त्यांचे दुमजली घर बांधून त्यात पाच वेळा मुद्दाम आग लावण्यात आली. कधी लाकूड झाकून, कधी काही भाग उघडा ठेवून, कधी सगळे उघडे पण छतात आपोआप सुटणारे पाण्याचे फवारे बसवून. तेथील २०२१ च्या नमुना संहितेत लाकूड पूर्ण झाकले तर अठरा मजले आणि उघडे ठेवायचे तर नऊच मजले, अशी मर्यादा आहे. फवारे दोन्हीकडे हवेतच. इंग्लंडने मात्र २०१८ च्या अखेरीस अठरा मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत ज्वालाग्राही पदार्थ घालण्यास बंदी केली. त्यात हे तक्तेही आले.

राहिली ज्वाळा विझल्यानंतरची गोष्ट. रात्रीच्या शेकोटीची राख पहाटे उकरली तर निखारा सापडतो. तक्त्यांच्या सांध्यांत, नळांसाठी पाडलेल्या भोकांभोवती, जिप्समच्या मागे असाच विस्तव तासन्‌तास धुमसत राहू शकतो. म्हणून अशा इमारतीत बंबवाल्यांना धूर ओसरला म्हणून परत फिरता येत नाही. उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन भिंतीमागून भिंत तपासावी लागते आणि जेथे ऊब लागेल तेथे पाटी फोडून पाणी मारावे लागते.