ऊतिसंवर्धित ऊस बारीक का दिसतो?

कोडोली परिसरात को ८६०३२ ची ऊतिसंवर्धित रोपे लावली की प्रश्न हमखास येतो: फुटवे भरपूर, पण ऊस बारीक, जात बदलून दिली का? बहुतेक वेळा नाही. प्रयोगशाळेत सायटोकायनिनसारख्या संप्रेरकांवर कोंब वाढवतात, त्याचा परिणाम रोपात काही काळ राहतो. डीएनएवरच्या मिथाइल खुणाही बदलू शकतात. जनुके तीच राहतात, त्यांचे चालू-बंद होणे बदलते. हाच एपिजेनेटिक बदल. या प्लॉटच्या बेण्यापासून लावलेल्या उसात जाडी सहसा परत येते. म्हणून पहिला ऊस कारखान्याला घालू नका, बेणे मळा म्हणूनच ठेवा. मात्र एखादेच बेट रंगाने किंवा पानाने वेगळे दिसले, तर भेसळ किंवा खरा जनुकीय बदल असू शकतो. ते मुळासकट उपटा.