टोकियोला गेलेले सहा जण

बारामती-इंदापूरकडे ऑलिंपिकचा विषय निघाला की खाशाबा जाधवांचं नाव येतंच. 1952, हेलसिंकी, कुस्तीचं कांस्यपदक. त्याच हेलसिंकीत भारताचे दोन पुरुष जिम्नॅस्टही उतरले होते, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही. 1956 साली मेलबर्नला तिघे गेले, 1964 साली टोकियोला सहा. त्या सहांत बंडू भोसले आणि विठ्ठल कारंडे ही दोन मराठी नावं आहेत.

त्यांच्यापुढे काम काय होतं, बघा. फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार, हॉरिझॉन्टल बार अशी सहा साधनं. त्या काळच्या नियमाप्रमाणे प्रत्येकावर दोन संच: एक सगळ्यांना ठरवून दिलेला, दुसरा स्वतः बांधलेला. म्हणजे एकूण बारा. समोर यजमान जपान, ज्यांनी त्या वर्षी सांघिक सुवर्ण घेतलं. आपल्याला पदक मिळालं नाही.

पुढे काय झालं? भारताचा जिम्नॅस्ट ऑलिंपिकला पुन्हा दिसायला 2016 उजाडलं. ती दीपा कर्माकर. मधे 52 वर्षं गेली. आणि पुरुषांचा आकडा तेव्हाही अकरावरच होता: दोन, तीन आणि सहा.

आता कुणी म्हणेल, पदक नाही म्हणून खेळ मागे पडला. पण खाशाबांनंतर कुस्तीतलं पुढचं पदक 2008 साली आलं, सुशील कुमारचं. मधे 56 वर्षं. तरी तालमी चालू राहिल्या, जत्रेतले फड भरत राहिले. का? कारण आखाड्याच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्याला ढाक कोणती, एकेरी पट कोणता हे कळतं. पैलवान हरला तरी तो कसा लढला, ते सांगणारी माणसं गावात असतात.

विट्गेनस्टाईन नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, नियम एकट्याने, खासगीत पाळता येत नाही. बरोबर काय आणि चूक काय, हे ठरायला एक चालती रीत लागते. जिम्नॅस्टचंही तसंच आहे. रिंग्जवर हात आडवे ताणून शरीर स्थिर धरणं किती अवघड आहे, हे बघणाऱ्याला कळलंच नाही, तर त्याची अनेक वर्षांची मेहनत त्याच्यापाशीच राहते.

आपल्याकडे मल्लखांब आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहेच. पकड, तोल, लवचिकपणा, धाडस हे सगळं तो देतो. पण व्हॉल्टवरून हवेत गिरकी घेऊन दोन पायांवर थांबायचं, तर जाड गाद्या, बंदिस्त सभागृह आणि लहानपणापासून रोज जवळ उभा राहणारा प्रशिक्षक लागतो. खांबावरचं पोर तिथवर आपोआप पोचत नाही.

पालक विचारतात, यात करिअर आहे का? माझं म्हणणं असं, की हा प्रश्न एकट्या मुलाच्या अंगावर टाकू नका. 2010 मध्ये आशिष कुमारने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि कांस्य मिळवलं, म्हणजे या देशातून ते होऊ शकतं. आपल्या तालुक्यात गाद्या कुठे आहेत, शिकवणारा कोण आहे, हे आधी विचारा. आणि मुलाचा सराव बघायला जाल तेव्हा नंबर कितवा आला हे नंतर. आज कुठला संच केला, ते त्याला विचारा आणि समजून घ्या.