गोळी का सुटते?

डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध आणि प्रत्यक्ष पोटात जाणारे औषध यांत बरेच अंतर असते. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या दीर्घ आजारांत प्रगत देशांतलेसुद्धा सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2003 सालच्या अहवालात नोंदवले होते. म्हणजे हा प्रश्न केवळ अशिक्षितांचा किंवा गरिबांचा नाही.

आपल्या देशात तो क्षयरोगाच्या निमित्ताने फार पूर्वी पुढे आला. 1956 साली मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना सॅनटोरियममध्ये ठेवले, काहींना घरीच राहू दिले आणि दोघांना तीच औषधे वर्षभर दिली. दाटीवाटीच्या घरांत राहणारे रुग्णही जवळजवळ तेवढेच बरे झाले. मात्र घरी औषध घेतले जाते की नाही हे पाहायला कर्मचारी न कळवता जात, गोळ्या मोजत, लघवी तपासत. रुग्णाच्या शब्दावर सगळे सोपवून चालत नाही, हे तेव्हाच लक्षात आले. पुढे कोणाच्या तरी देखरेखीखाली गोळ्या देण्याची ‘डॉट्स’ पद्धत आली, तिची मुळे इथेही आहेत.

क्षयाचे उपचार साधारणपणे सहा महिने चालतात. पण काही आठवड्यांतच ताप उतरतो, भूक लागते, वजन वाढते. रुग्णाला वाटते, आता बरे झालो. शरीरात उरलेले जंतू मात्र मेलेले नसतात. औषध मध्येच सोडले तर तेच पुन्हा वाढतात आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारे होऊ शकतात. रक्तदाबाचे उलटे आहे. तिथे आधीच काही दुखत नाही, मग गोळीने काय फरक पडला हे दिसणार कसे?

इतर कारणे घरातच सापडतात. गोळीने मळमळते, पण डॉक्टरांना सांगायचा संकोच वाटतो. पैसे पुरत नाहीत म्हणून दोन गोळ्यांऐवजी एकच घेतली जाते. दादीला पाकिटावरची बारीक अक्षरे दिसत नाहीत. ‘जेवणानंतर’ असे लिहिलेले असते, पण अम्मी सगळ्यांना वाढून दुपारी तीनला जेवते. लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न कसे जमेल, या भीतीने क्षयाच्या गोळ्या लपवून ठेवल्या जातात आणि लपवलेली गोळी हमखास चुकते.

रमजानमध्ये आणखी एक अडचण येते. दिवसातून तीनदा घ्यायचे औषध सहरी आणि इफ्तार यांत कसे बसवायचे? काही जण दुपारची गोळी सोडतात, काही जण इफ्तारला दोन्ही एकदम घेतात. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. रमजानच्या दीड-दोन महिने आधीच डॉक्टरांना भेटावे. अनेकदा वेळ आणि मात्रा बदलून मिळते. ज्यांना डॉक्टर रोजा नको म्हणतात, त्यांनी मन खट्टू करू नये. आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे.

मग घरच्यांनी काय करावे? गोळी रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडावी, फजरच्या नमाजला किंवा सकाळच्या चहाला. आठवड्याच्या गोळ्या वारांच्या डबीत भरून ठेवाव्यात. औषध महाग पडत असेल तर स्वस्त जेनेरिक चालेल का, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्रास होत असेल तर औषध आपल्या मनाने बंद न करता आधी डॉक्टरांना सांगावे.

आणि प्रश्न विचारण्याची रीत बदलावी. “गोळ्या घेता ना?” असे दरडावून विचारले की उत्तर “हो” असेच येते. “अब्बा, या आठवड्यात किती राहिल्या? का राहिल्या?” असे शेजारी बसून विचारले तर खरे कारण कळते. कारण कळले की त्यावर उपाय शोधता येतो.