बंद गाडी आणि उंदीर

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागात पावसाळ्यात बऱ्याच गाड्या उभ्याच असतात. कोणाचा मालक आखातात नोकरीला, तर कोणाची मालाची व्हॅन धंदा मंद म्हणून पडवीत. शेतात पाणी भरले की बिळातले उंदीर कोरडी जागा शोधतात. माझ्या व्हॅनमध्ये कापडाचे दोन तागे राहिले होते. उंदरांनी त्यांत घरटे केले, वायरीही कुरतडल्या. माल गेला, दुरुस्तीचा खर्च वेगळा.

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून तो कुरतडतच राहतो. लहान उंदराला सुमारे ६ मिलिमीटरची फटही पुरते. तेव्हा बंदोबस्त आधीच करावा.

गाडीतील कापड, गोणपाट, खाण्याचे कण काढावेत. भाताचा पेंढा व सुकी मासळी जवळ ठेवू नये. इंजिनात हवा जाण्याचे तोंड व सायलेन्सरची नळी यांना बारीक लोखंडी जाळी बांधावी; प्लॅस्टिकची टिकत नाही. जाळी काढल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी अडकवावी. दर आठवड्याला बॉनेट उघडून लेंड्या दिसतात का ते पाहावे. सापळे भिंतीलगत लावावेत. विष घातल्यास उंदीर गाडीतच मरून कुजतो.

लेंड्या कोरड्या झाडू नयेत. उंदराच्या मुतातून लेप्टोचा आजार होतो. हातमोजे घालून, जंतुनाशकाने भिजवून पुसाव्यात.

परदेशी जाणाऱ्या बंधूंनी चावीबरोबर ही कामेही घरच्यांना समजावून द्यावीत.